जायबंदी जवानाचं गाणं वऱ्हाडात कोण लिहिणार?

अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘१०० आरबीएच’ या नावानं रॅप करतो. २०२३ साली ‘एमटीव्ही हसल’च्या तिसऱ्या पर्वात तो देशभरच्या रॅपरांबरोबर मंचावर उभा राहिला, आणि महागड्या गाड्या, सोन्याच्या साखळ्या यांच्या बढाया न मारता शेतीवर, जातीवर, गरिबीवर बोलला. जी बोली पुण्या-मुंबईत गेल्यावर वऱ्हाडी पोरं तोंडातल्या तोंडात दाबतात, तिच्या मातीतून आलेला मुलगा देशासमोर ताठ उभा राहू शकतो, हे त्या दिवसांत अमरावती-अकोल्यानं पाहिलं. आज इथले कॉलेजातले पोट्टे मोबाइलवर बीट लावून वहीत ओळी जुळवतात, मित्राच्या खोलीत गादी भिंतीला टेकवून रेकॉर्डिंग करतात आणि रात्रीतून गाणं जगासमोर ठेवतात. स्टुडिओ नको, कंपनी नको, कुणाची परवानगी नको.

या संगीताला एक काम सांगण्याची वेळ आली आहे. युद्धात, चकमकीत, सुरुंगाच्या स्फोटात जायबंदी होऊन घरी परतलेल्या सैनिकाचं गाणं त्यानं लिहावं.

देशभक्तीच्या गाण्यांची आपल्याकडे वाण नाही. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला अमरावतीच्या राजकमल चौकात, अकोल्याच्या गांधी रोडवर सकाळपासून कर्णे सुरू होतात. १९६०च्या दशकापासून कालपरवाच्या चित्रपटांपर्यंतची सगळी गाणी एका दमात वाजतात. नीट ऐकलं तर ध्यानात येतं, की या गाण्यांतला सैनिक दोनच ठिकाणी भेटतो. एक तर तो सीमेवर लढत असतो, नाही तर तिरंग्यात लपेटून गावी येत असतो. तिसरा सैनिक, जो जिवंत परतला पण पूर्वीसारखा परतला नाही, त्याला या गाण्यांत जवळजवळ जागाच नाही. कारगिलच्या युद्धात ५२७ जवानांनी प्राण दिले. जखमी झाले १,३६३. म्हणजे एका हुतात्म्यामागे अडीचहून जास्त माणसं गोळी, तोफगोळा किंवा बर्फ यांचा घाव अंगावर घेऊन जगली. त्यांतली बरीच बरी होऊन पुन्हा पलटणीत गेली. काहींचं चालणं, पाहणं, झोपणं कायमचं बदललं.

हुतात्म्याला निरोप द्यायला वऱ्हाड कधी मागं राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०१९मध्ये पुलवामाच्या हल्ल्यात बुलढाणा जिल्ह्याचे संजय राजपूत आणि नितीन राठोड हे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान शहीद झाले, तेव्हा मलकापूर आणि चोरपांगरा इथं अख्खा परिसर लोटला होता. उरीच्या २०१६च्या हल्ल्यात अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वरनं आपला जवान गमावला, तेव्हाही तेच झालं. ही गर्दी खरी असते, तिच्या डोळ्यांतलं पाणीही खरं असतं. पण कुबड्यांवर, चाकाच्या खुर्चीवर, दवाखान्यातून महिन्यांनी घरी येणाऱ्या जवानासाठी बसस्थानकावर कोण उभं राहतं? घरचे, एखादा शाळूसोबती, झालंच तर माजी सैनिकांच्या संघटनेचे दोन-चार लोक. त्याचं परतणं बातमी होत नाही. बातमी नाही म्हणून गाणंही नाही.

ही उणीव आजची नाही. पोवाड्यांचा सगळा इतिहास पाहिला तरी शाहिराची नजर पडलेल्या वीरावर खिळलेली दिसते. शाहीर तुळशीदासानं सिंहगडावर पडलेल्या तानाजीला गायलं. पुढं सावरकरांनी बाजीप्रभूंवर पोवाडा रचला, कुसुमाग्रजांनी नेसरीला प्रतापरावांबरोबर धावून गेलेल्यांना कवितेत अमर केलं. त्या लढायांतून कोंडाणा, पावनखिंड पाहून घरी परतलेला, एक हात कायमचा गेलेला मावळा कोणत्या कडव्यात आहे? शाहिरानं नाही, पण बखरकारानं त्याला जागा दिली. सभासदाची बखर प्रतापगडच्या प्रसंगानंतर सांगते, की शिवाजी महाराजांनी जखमींना त्यांच्या जखमा पाहून पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली आणि मेलेल्यांच्या बायकामुलांची सोय लावली. राज्यकर्त्याच्या हिशेबात जखमी माणूस होता. तो लोकांच्या ओठांवर आला नाही, एवढंच.

वऱ्हाडच्या मातीला तर युद्ध परकं नाही. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात, अडगावच्या शिवारात नागपूरकर भोसल्यांची आणि शिंद्यांची फौज आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढली. हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. अडगावनंतर तो अचलपूरला आला, तिथं आपल्या जखमींसाठी त्यानं इस्पितळ उभारलं आणि मग १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. गडाचा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. त्याचं नाव चिखलदऱ्याला जाणाऱ्या पर्यटकालाही गाइडकडून ऐकायला मिळतं. अचलपूरच्या त्या इस्पितळात कण्हणाऱ्या शिपायांमध्ये या देशातले किती तरी असणार, कारण ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत मोठा भरणा त्यांचाच होता. आणि भोसल्यांच्या बाजूचे जखमी? ते कुठल्या गावात, कुणाच्या ओसरीवर पडून राहिले, याची नोंद ना कागदात, ना ओवीत.

अलीकडच्या काळात या तिसऱ्या सैनिकाचं सर्वांत लखलखीत उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि ते देशाला कळायला किती वर्षं लागली हे पाहिलं की मन खट्टू होतं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्कराच्या ईएमई या तांत्रिक दलात होते, पट्टीचे मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांच्या छावणीवर हवाई हल्ला झाला. अंगात गोळ्या घुसल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मुंबईत नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात उपचार सुरू असताना व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं आणि मुष्टियोद्ध्याचा जलतरणपटू झाला. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार केली. तो विश्वविक्रम होता, आणि भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक.

यानंतर त्यांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, सुवर्णपदकानंतर ४६ वर्षांनी. जून २०२४मध्ये त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा कुठं घराघरात नाव पोचलं. सांगलीच्या माणसाची कथा मराठी पोरांनी हिंदीतून ऐकली, हिंदी गाण्यांतून ऐकली. पेटकरांच्या नावाचा मराठी पोवाडा, मराठी रॅप आपल्यातल्या किती जणांच्या ओठांवर आहे? ज्या महाराष्ट्रात निवडणुकीच्या उमेदवारावर दोन दिवसांत गाणं तयार होतं, तिथं या प्रश्नाचं उत्तर सुखाचं नाही.

इथं एक सावधगिरी हवी. पेटकर हे असामान्य गृहस्थ. मुंबईत जन्मलेले इयान कार्डोझोही तसेच. १९७१च्या युद्धात सुरुंगानं चिरडलेला स्वतःचा पाय त्यांनी खुकरीनं कापून टाकला आणि कृत्रिम पायावर पुढं बटालियनचं नेतृत्व करणारे ते पहिले अधिकारी ठरले. कारवारचे रामा राघोबा राणे १९४८मध्ये जखमी अवस्थेत नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढत राहिले, परमवीर चक्र जिवंतपणी मिळवणारे पहिले सैनिक झाले. अशा कथा ऐकताना छाती भरून येते आणि गीतकाराची लेखणी आपसूक धावते. पण फक्त जिंकलेल्या जखमींची गाणी लिहिली तर न जिंकलेल्यांवर नवा अन्याय होईल. ज्याला पदक मिळालं नाही, ज्यानं विक्रम केला नाही, जो गावातल्या घरी बसून मुलीच्या लग्नाची काळजी करतो, त्यानंही तेवढंच दिलं आहे. जखम मोठी असायला तिच्या पुढं यशाची गोष्ट जोडावीच लागते, हा आग्रह गाण्यानं तरी धरू नये.

आणि लढाई जाहीर झालेलीच असते असंही नाही. संसदेवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००१मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये युद्ध झालंच नाही, पण सीमेवर सुरुंग पेरताना आणि मग ते काढताना अनेक जवानांचे पाय गेले. त्यांच्या वाट्याला विजयदिन नाही, स्मारकावरचं शिखर नाही. ‘कोणत्या लढाईत होता रे बाप्पा?’ या गावकऱ्यांच्या साध्या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर द्यायचं?

सरकार आणि सैन्य यांनी या माणसांसाठी काहीच केलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. पहिल्या महायुद्धातल्या विकलांग सैनिकांना हाताला काम मिळावं म्हणून १९१७ साली मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आज पुण्यात खडकीला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. तिथं आजही जवानांना पाय-हात बसवून दिले जातात. पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांसाठी खडकीत १९७४पासून पुनर्वसन केंद्र आहे. युद्धात जखमी होणाऱ्याला १९७३पासून ‘पराक्रम पदक’ मिळतं. सेनादलानं २०१८ हे वर्ष कर्तव्यावर विकलांग झालेल्या सैनिकांना अर्पण केलं होतं. संस्था आहेत, पदक आहे, वर्षही पाळून झालं. पण समाजाच्या मनात माणूस शिरतो तो शासन निर्णयातून नव्हे. तानाजी मराठी मनात शिरला तो शाहिराच्या डफावरून.

मग वऱ्हाडच्या रॅपरनं नेमकं लिहायचं काय? छाती, रक्त, वाघ, शेर या शब्दांची पोती आधीच भरून वाहताहेत. लिहायला हवं ते बारीकसारीक. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, तेव्हा कृत्रिम पायाच्या खोबणीत घाम साचतो, पायाचा उरलेला भाग सोलवटतो आणि माणूस दुपारभर पाय काढून ठेवून पंख्याखाली बसतो. पायाचा आकार वर्षागणिक बदलतो, खोबणी सैल होते किंवा काचते, मग दुरुस्तीसाठी पुणे गाठायचं, म्हणजे पाच-सहाशे किलोमीटर. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये पाय लांब करता येत नाही. नसलेल्या पायाच्या अंगठ्यात मध्यरात्री कळ उठते. डॉक्टरांना तिचं नाव ठाऊक आहे, बायकोला तिचा अर्थ समजायला वर्षं जातात. स्फोटानं कान बधिर झालेल्या माणसाच्या कानात दिवसरात्र शिट्टी वाजत राहते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. आपण जिवंत आहोत हे कागदावर सिद्ध करायचं काम कोणाही निवृत्तिवेतनधारकाला करावं लागतं, पण मरणाच्या दारातून परत आलेल्याला त्या कागदाकडे पाहून काय वाटत असेल?

मग कोर्ट. विकलांगता सेवेमुळे आली की नाही, या एका प्रश्नावर किती सैनिकांनी किती वर्षं खेटे घातले आहेत. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१३च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तत्त्व स्पष्ट केलं: भरतीच्या वेळी ज्याच्या नोंदीत आजार नव्हता, त्याचा पुढचा आजार सेवेमुळेच आला असं धरून चालायचं, आणि तसं नसेल तर ते सरकारनं सिद्ध करायचं. तरीही दावे संपलेले नाहीत. तक्रारीला, पोलिसांच्या जाचाला, घरमालकाच्या नोटिशीला रॅपनं शब्द दिले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या गरीब वस्तीत त्याची सुरुवात झाली. निवृत्तिवेतनाच्या फायलीवरचा शेरा सुरात बसणार नाही, शास्त्रीय रागात तर नाहीच. पण रॅपच्या सोळा ओळींत तो चपखल बसतो. देशभक्ती आणि देशाला जाब विचारणं यांत विरोध मानणाऱ्यांनी एकदा जायबंदी जवानाच्या घरी जाऊन यावं.

लिहिण्याची पद्धतही ठरवावी लागेल. पहिल्या महायुद्धात इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन यानं एडिंबराजवळच्या सैनिकी रुग्णालयात असताना चाकाच्या खुर्चीतल्या तरुण शिपायावर कविता लिहिली, तेव्हा तो स्वतः आघाडीवरून आला होता. २००५मध्ये इराकमधल्या अमेरिकी शिपायांच्या एका गटानं बगदादेतच रेकॉर्ड केलेला ‘लाइव्ह फ्रॉम इराक’ हा रॅप संग्रह आला. त्यांनाही कुणाला विचारायला जावं लागलं नाही. आपला कॉलेजातला रॅपर मात्र युद्धावर गेलेला नसतो. त्यानं कल्पनेतून जखम रंगवू नये. अमेरिकेत २०१२ साली डार्डन स्मिथ या गायकानं ‘साँगरायटिंग विथ सोल्जर्स’ हा उपक्रम सुरू केला: गीतकार आणि माजी सैनिक एकत्र बसतात, सैनिक बोलतो, गीतकार त्याच्याच शब्दांना चाल लावतो, आणि गाण्यावर दोघांचं नाव लागतं. या उपक्रमातून मेरी गोशे या गायिकेनं २०१८ साली ‘रायफल्स अँड रोझरी बीड्स’ हा संग्रह काढला. त्यातलं प्रत्येक गाणं तिनं माजी सैनिकांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर मिळून लिहिलं. त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. घरच्यांबरोबर, हे विशेष. जखम एकाला होते, तिची ड्रेसिंग दुसरं कुणी तरी करतं.

वऱ्हाडात हे अवघड नाही, उलट सोपं आहे. इथं माणूस ओसरीवर बसला की बोलतो. चहा होतो, मग जेवणाचा आग्रह होतो, आणि तिसऱ्या भेटीत ज्या गोष्टी पहिल्या भेटीत निघाल्या नाहीत त्या निघतात. रॅपरनं तिसऱ्या भेटीपर्यंत वही उघडू नये. जे सांगायचं नाही म्हणून सैनिक सांगेल, ते गाण्यात येता कामा नये. पलटण कुठं होती, चौकी कशी होती, असल्या तपशिलांची तर गाण्याला गरजही नाही. गाणं पूर्ण झालं की पहिल्यांदा त्याला ऐकवावं. त्यानं ‘हे काढून टाक’ म्हटलं तर निमूट काढावं.

पैशाचंही आधीच लिहून ठेवावं, कारण भावनेच्या भरात दिलेला शब्द पुढं कागदावर नसतो. १९६२च्या युद्धानंतर २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये लता मंगेशकरांनी कवी प्रदीप यांचं ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायलं. संगीत पुणतांब्याच्या मातीतल्या सी. रामचंद्रांचं. प्रदीप यांनी या गाण्याचं मानधन युद्धात विधवा झालेल्या भगिनींच्या निधीला देऊ केलं होतं. प्रत्यक्षात त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि २००५ साली संगीत कंपनीनं निधीला दहा लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला. मध्ये चार दशकं गेली होती. देशातलं सर्वांत प्रसिद्ध देशभक्तिगीत, तरी ही गत! तेव्हा सैनिकाचं नाव सहगीतकार म्हणून पहिल्याच दिवशी नोंदवावं, येणाऱ्या पैशातला त्याचा वाटा ठरवावा, आणि त्यानं तो कुठल्या निधीला द्यायचा की घरी ठेवायचा हे त्याच्यावर सोडावं. दानशूरपणाची अपेक्षाही त्याच्यावर लादू नये.

रॅप परका आहे, हा आक्षेप घरोघरी निघेल. त्याचं उत्तर तुकडोजी महाराजांच्या मोझरीत आहे. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजींनी हातात खंजिरी घेतली आणि भजनाला असा ठेका दिला की ऐकणाऱ्याला बसवेना. १९४२च्या आंदोलनात इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं, इतकी त्या ठेक्याची धास्ती होती. १९६२ आणि १९६५च्या युद्धांच्या वेळी ते सीमेवर जाऊन जवानांसमोर गायले. सैनिकासाठी गाण्याचा वारसा अमरावतीला कुणाकडून उसना आणायचा नाही. गाडगेबाबांचं कीर्तन आठवा: तेही याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. वऱ्हाडी बोलीत थेट समोरच्याला प्रश्न, त्याच्याकडूनच उत्तर वदवून घेणं, मग त्या उत्तरावर पुढचा घाव. रॅपर मंचावरून गर्दीला ओळ देतो आणि गर्दी ती परत फेकते. शाहिराच्या मागं झीलकरी जी साथ धरतात तीच ही रीत. खंजिरीचा ठेका घेऊन त्यावर रॅप बांधला तर इंटरनेटवरचं अमेरिकी बीट भाड्यानं घ्यायची गरजही उरत नाही, आणि गाणं पहिल्या चार मात्रांत वऱ्हाडचं म्हणून ओळखू येतं.

राहिला प्रश्न शिव्यांचा आणि उथळपणाचा. पेशवाईत अनंत फंदी, होनाजी, प्रभाकर यांनी शृंगाराच्या लावण्याही रचल्या आणि पोवाडेही. लावणीतल्या शब्दांमुळे त्यांच्या पोवाड्याचं मोल कमी झालं नाही. आजच्या पोरांवरही तेवढा विश्वास टाकायला काय हरकत आहे? अमरावतीनं मराठीला सुरेश भट दिले. लहानपणीच पोलिओनं त्यांचा पाय अधू झाला होता, पण मराठी माणूस त्यांना गझलेनं ओळखतो, पायानं नाही. जायबंदी सैनिकाच्या गाण्यानंही हेच साधावं. त्याच्या तुटलेल्या अवयवावर कॅमेरा रोखून ठेवू नये. त्याची थट्टेखोर वृत्ती, त्याचा राग, त्याचं क्रिकेटवेड, संत्र्याच्या बागेतली त्याची झाडं, पलटणीतल्या पंजाबी-तमिळ दोस्तांचे अजून येणारे फोन, हे सगळं गाण्यात असावं.

आणखी दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली आवाजाची. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा कायद्यात २०००पासून आहे आणि ती मिरवणुकीत कुणी पाळत नाही. स्फोट अनुभवलेल्या माणसाच्या दारात अचानक फटाक्यांची माळ आणि डीजेच्या भिंती यांचा मारा करून त्याचा सन्मान होत नसतो; तो खिडक्या लावून घेतो आणि दिवस ढकलतो. देशभक्तीचं गाणं दुसऱ्यांच्या वस्तीसमोर मुद्दाम आवाज वाढवून वाजवण्याचा प्रकार तर सैनिकाचा उघड अपमान आहे. ज्या पलटणीत तो लढला तिथं सगळ्या धर्मांची माणसं एका ताटात जेवत होती. दुसरी गोष्ट गणवेशाची. रॅपच्या व्हिडिओत लष्करी ठिपक्यांचे कपडे घालून खोटी बंदूक फिरवणं थांबायला हवं. सैन्यानं २०२२मध्ये आणलेल्या लढाऊ गणवेशाच्या नक्षीचे हक्क नोंदवून घेतले आहेत, ते उगाच नव्हे. व्हिडिओत दाखवायचाच तर तो माणूस दाखवावा, त्याच्या घरच्या कपड्यांत, त्याची परवानगी असेल तर.

गाण्यानं निवृत्तिवेतन वाढत नाही, जिल्हा कचेरीला उतार बांधला जात नाही, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण ज्याचं नाव गाण्यात आहे त्या माणसाला कचेरीतला बाबू ‘उद्या या’ म्हणताना एकदा तरी थबकतो. शिवाय सगळंच उपयोगाच्या मापानं मोजायचं नसतं. आपण जे दिलं ते आपल्या बोलीत कुणी तरी गातंय, शेजारचं पोरगं सायकलवरून जाताना गुणगुणतंय, हे ऐकायचा हक्क त्या माणसाला आहे.

सुरुवात कुठून करायची तेही ठाऊक आहे. अमरावती आणि अकोला, दोन्ही ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. तिथं जाऊन रीतसर विचारलं, ज्यांची बोलायची तयारी आहे अशा माजी सैनिकांची संमती घेतली, तर वाट मोकळी होते. १९८३ साली स्थापन झालेल्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या छत्राखाली अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे येतात. त्याच्या युवा महोत्सवात समूहगीतांच्या बरोबरीनं रॅपला मंच मिळावा आणि एका वर्षी विषय हाच ठेवावा. आकाशवाणीच्या अकोला केंद्रानं या गाण्यांना वेळ द्यावा. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन राजराजेश्वराला येणाऱ्या अकोल्यातल्या कावड मंडळांकडे पोरांची फौज आहे, शिस्त आहे, वाद्यं आहेत; त्यांनीही एखादी संध्याकाळ यासाठी काढावी. आणि ‘१०० आरबीएच’सारख्या नाव मिळवलेल्या कलावंतानं पहिलं गाणं हाती घेतलं, तर मागच्या पोरांना रस्ता दिसेल.

दर ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९पासून आपण त्या दिवशी छातीला छोटा ध्वज लावतो आणि डब्यात नोटा टाकतो. यंदा त्या दिवसाआधी वऱ्हाडच्या रॅपरांनो, शाहिरांनो, खंजिरी मंडळांनो, आपल्या तालुक्यातल्या एका तरी जायबंदी सैनिकाचं दार वाजवा. वही घरी ठेवा, मोबाइल खिशात ठेवा आणि आधी ऐका.